एका क्लिकने कोसळणारी कंपनी कुणी बांधली?

कुठल्याही मोठ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला की दोन-तीन दिवसांत सगळी चर्चा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते: ‘कुणीतरी नको त्या लिंकवर क्लिक केलं असणार.’ 2025 च्या सप्टेंबरात टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचे ब्रिटनमधले कारखाने बंद पडले तेव्हाही हेच झालं. हल्लेखोर आत कसे शिरले याचा तपशील बाहेर येण्याआधीच आपल्याकडच्या चर्चांमध्ये, ऑफिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर निकाल लागून गेला होता. माणूस हाच सगळ्यात कच्चा दुवा, लोक बेसावध, प्रशिक्षण वाढवा. मला हा निकाल चुकीचा वाटतो, आणि नुसता चुकीचा नव्हे, घातक वाटतो. एका माणसाच्या एका क्लिकने हजारोंचं काम पाच आठवडे थांबू शकत असेल, तर आधी विचारायला हवं की अशी कंपनी बांधली कुणी आणि ती तशीच चालू कुणी दिली. याचं उत्तर कारकुनाच्या टेबलापाशी शोधून सापडणार नाही. त्यासाठी संचालक मंडळाच्या खोलीचं दार ठोठवावं लागेल.

‘प्रशिक्षण वाढवा’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? कंपनीच आपल्या लोकांना खोटे मेल पाठवते आणि कोण फसतं त्याची यादी करते. माझ्या ओळखीच्या एक ताई एका मोठ्या कारखान्यात हिशेब खात्यात आहेत. दिवाळीच्या तोंडावर त्यांना बोनसच्या तक्त्याचा मेल आला, त्यांनी तो उघडला, आणि पुढच्या सोमवारी विभागाच्या बैठकीत फसलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव पडद्यावर आलं. वीस वर्षांत एका रुपयाचा हिशेब न चुकलेली बाई सगळ्यांसमोर मान खाली घालून बसली. काही महिन्यांनी त्यांच्या संगणकावर खरोखरच काहीतरी विचित्र दिसू लागलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. सुदैवाने प्रकरण किरकोळ निघालं. पण हल्ला आवरण्यात पहिले काही तास सोन्याच्या मोलाचे असतात, आणि त्या कंपनीने आपल्याच माणसाच्या तोंडाला कुलूप घालून ते गमावले होते. अमेरिकेतल्या गोडॅडी कंपनीने 2020 च्या डिसेंबरात, कोविडच्या त्या वर्षात, कर्मचाऱ्यांना 650 डॉलरच्या बोनसचा खोटा मेल चाचणी म्हणून पाठवला. सुमारे 500 जण फसले आणि शेवटी कंपनीलाच माफी मागावी लागली. घरात पैशांची ओढाताण असलेला माणूस बोनसचा मेल उघडतो, यापलीकडे त्या चाचणीतून काय सिद्ध झालं?

समोरची बाजू दुबळी नाही, हे मी मान्य करतो. हल्ल्यांची सुरुवात पुष्कळदा माणसापासूनच होते. व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या 2025 च्या सायबर हल्ल्यांवरील वार्षिक अहवालात सुमारे साठ टक्के घटनांत मानवी घटक आढळला आहे. त्याआधी तो आणखी जास्त होता. 2025 च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीत हल्लेखोर शिरले ते दुसऱ्याच कुणाचं सोंग घेऊन, आणि त्यात एका बाहेरच्या कंपनीचाही दुवा होता. तिथल्या अध्यक्षांनी संसदेच्या समितीपुढे तसं सांगितलं. ऑनलाइन विक्री दीड महिना बंद राहिली आणि नुकसानीचा अंदाज 30 कोटी पौंडांवर गेला. महागातलं महाग सॉफ्टवेअरही फोनवरच्या गोड बोलण्यापुढे हात टेकतं. म्हणून माणसांना सावध करायलाच हवं, आणि जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला शिक्षाही व्हायला हवी. पण माणूस फसणार हे इतकं पक्कं ठाऊक असेल, तर तो फसल्यावर काय व्हावं याची तजवीज कुणी करायची?

या प्रश्नाला सह्याद्रीत फार पूर्वी उत्तर मिळालेलं आहे. बोरघाटातून रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. चढ असा की 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. उतरत्या गाडीचा ब्रेक गेला तर काय, हा प्रश्न रेल्वेपुढे होताच. ‘ड्रायव्हरने काळजी घ्यावी’ असं परिपत्रक काढून भागलं नसतं. उताराच्या बाजूला, चढावर जाऊन संपणारे रूळ टाकले गेले, ते कॅच सायडिंग. आणि खरी गोम सांध्यात, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडात आहे. सांधा एरवी त्या सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडीने आधी थांबून दाखवायचं, ब्रेक शाबूत आहे हे सिद्ध करायचं, मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. ब्रेक गेलेलाच आहे असं धरून सगळी व्यवस्था चालते. खंडाळ्याहून कर्जतकडे उतरताना गाडी मध्येच थांबते तेव्हा आपण चुळबुळतो, पण त्या थांबण्यामुळेच एका माणसाची किंवा एका यंत्राची चूक दरीपर्यंत पोहोचत नाही. संगणकाच्या दुनियेत ज्याला आज ‘झीरो ट्रस्ट’ म्हणतात, आतल्या माणसावर आणि आतल्या यंत्रावरही आंधळा भरवसा ठेवायचा नाही, ते याहून वेगळं काय आहे? घाटात न थांबणाऱ्या ड्रायव्हरवर कारवाई होते, ती व्हावीच. पण त्या कारवाईच्या भरवशावर कुणी सायडिंग उखडून टाकत नाही. आपल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कांत मात्र सायडिंग नसतंच, आणि अपघात झाला की ड्रायव्हरचं नाव विचारलं जातं.

त्याही आधीचं उदाहरण गडांचं आहे. शिवाजी महाराजांच्या गडव्यवस्थेत हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघं एकाच पायरीचे होते, तिघांनी मिळून कारभार करायचा. धान्य-सामानाच्या हिशेबाला कारखानीस वेगळा. यामागे कुणावर अविश्वास होता म्हणून नव्हे, तर एकट्या माणसाला फितवून, धमकावून किंवा फसवून गड घेता येऊ नये म्हणून ही रचना होती. आता 2024 च्या सुरुवातीला अरुप या जगप्रसिद्ध अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयात काय घडलं ते पाहा. तिथल्या कर्मचाऱ्याला मेल आला तेव्हा संशय आला होता. मग व्हिडिओ कॉल झाला, त्यात वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले, बोलले, आणि त्याचा संशय फिटला. ते सगळे चेहरे आणि आवाज कृत्रिम होते. 15 व्यवहारांत 20 कोटी हाँगकाँग डॉलर गेले. त्या माणसाला आणखी कोणतं प्रशिक्षण द्यायचं होतं? स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, असं? उलट विचारायला हवं ते हे, की दुसऱ्या स्वतंत्र वाटेने खात्री केल्याशिवाय एवढी रक्कम हलूच कशी शकली? पुण्यात 2022 च्या सप्टेंबरात सीरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून जास्त रकमेची फसवणूक झाली ती मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशावरून, आणि तो संदेश कुणा शिकाऊ मुलाला गेला नव्हता, संचालकपदावरच्या व्यक्तीला गेला होता. कच्चा दुवा खालीच असतो, हे मग कशाच्या आधारावर म्हणायचं? वरून आलेला हुकूम न विचारता पाळायचा, ही जिथे रीत आहे तिथे ठगाला फक्त साहेबाचा फोटो लागतो.

कॉसमॉस बँकेवरचा हल्ला तर आपल्या घरातलाच आहे, आणि त्याकडे नीट पाहिलं तर ‘क्लिक’ची गोष्ट किती अपुरी आहे ते कळतं. 1906 साली पुण्यात सुरू झालेली ही सहकारी बँक. शनिवार, 11 ऑगस्ट 2018. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांनी सुमारे 12 हजार व्यवहारांत 78 कोटी रुपये काढले गेले, भारतात रुपे कार्डांनी सुमारे 2,800 व्यवहारांत अडीच कोटी. मग सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय देवघेवीच्या यंत्रणेतून जवळपास 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण 94 कोटी 42 लाख. एटीएमकडून आलेली मागणी एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते, खात्यात पैसे आहेत का हे तिथे तपासलं जातं, मग होकार जातो. हल्लेखोरांनी मध्येच आपला खोटा स्विच बसवला. तोच परस्पर ‘द्या’ म्हणू लागला, आणि मुख्य यंत्रणेपर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही. म्हणून ग्राहकांच्या खात्यांतून काही गेलं नाही, बँकेचं गेलं. मान्य, अशा तयारीच्या टोळीपुढे भलेभले हतबल होतील. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात या हल्ल्याची नोंद उत्तर कोरियाच्या संदर्भात झाली आहे. पण एका पुणेरी बँकेची कार्डं एकाच दुपारी 28 देशांत हजारो वेळा चालतात, हे दृश्य विचित्र आहे एवढं ओळखून नळ बंद करणारी आपोआपची मर्यादा बसवायला कुठल्या गुप्तहेर खात्याची गरज होती? शनिवारी एक दार फुटल्यावर सोमवारी दुसरं दार उघडं कसं राहिलं? हे प्रश्न एका कर्मचाऱ्याला विचारण्याजोगे नाहीतच. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली, ती मुख्यतः बनावट कार्डं घेऊन एटीएमपुढे उभ्या राहिलेल्यांना. कायद्याचा हातही सगळ्यात खालच्या पायरीपर्यंतच पोहोचला.

खालच्या माणसाने काम चोख केलं आणि वरच्यांनी ऐकलं नाही, असंही घडलेलं आहे. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून 2013 मध्ये 4 कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. हल्लेखोर शिरले वातानुकूलनाचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराच्या पासवर्डवरून. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, सुरक्षेच्या यंत्रणेने धोक्याची घंटा वाजवली होती, बंगळुरात बसलेल्या पथकाने ती ऐकली होती आणि मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलंही होतं. तिथे कुणी हललं नाही. 2017 मध्ये इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाची-पतीची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीतून 14 कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. ज्या त्रुटीतून ती गेली तिच्यावरचा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती, मार्चमध्येच उपलब्ध होता. नुकत्याच पायउतार झालेल्या कंपनीच्या प्रमुखाने अमेरिकी काँग्रेसपुढे सांगितलं की तो लावण्याचा निरोप पुढे द्यायचा राहिला, एका माणसाकडून. चौदा कोटी लोकांची आर्थिक कुंडली सांभाळणारी कंपनी एका निरोपावर उभी होती, हा बचाव होता की कबुली? काँग्रेसच्या समितीने पुढच्या वर्षी अहवालात लिहिलं की ही घटना पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती.

‘पण शत्रू जर एखादं राष्ट्रच असेल तर बिचारी कंपनी काय करणार?’ हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. 2017 च्या जूनमध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सुटला. अमेरिका आणि ब्रिटनने त्याचा ठपका रशियन लष्करावर ठेवला. त्याचा मार न्हावाशेव्यापर्यंत आला. जेएनपीटीतलं मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनर दुसरीकडे वळवावे लागले. उरणच्या रस्त्यावरच्या ट्रकवाल्याचा युक्रेनशी काय संबंध? तेव्हा, हल्ला थोपवता आला नाही म्हणून मी मर्स्कला दोष देणार नाही. पण पुढचं ऐका. कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंदवही ठेवणारे मर्स्कचे जगभरातले सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते. सगळेच जोडलेले, म्हणून सगळेच एकदम गेले. एकच वाचला, घानामधला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका वाचलेल्या प्रतीवरून दहा दिवसांत 4 हजार सर्व्हर आणि 45 हजार संगणक पुन्हा उभे केले गेले. तिथल्या लोकांच्या त्या कष्टांना तोड नाही. तरीही, जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक घानातल्या लोडशेडिंगने वाचावी आणि स्वतःच्या नियोजनाने वाचू नये, यात शत्रूच्या ताकदीचा काय संबंध? नेटवर्कपासून तोडून ठेवलेली एक प्रत कुठेतरी असावी, हे ठरवायला रशियाची परवानगी लागत नव्हती. शत्रू कोण हे आपल्या हातात नसतं. पडल्यावर उठायला किती दिवस लागतील, हे मात्र बरंचसं आधी ठरवता येतं, आणि ते ठरवण्याचा अधिकार व पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांनाच त्याचा जाब विचारला पाहिजे.

हे शक्य आहे याचा पुरावा नॉर्वेत आहे. नॉर्स्क हायड्रो, अ‍ॅल्युमिनियमची कंपनी, 35 हजार कर्मचारी. 2019 च्या मार्चमध्ये रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी संगणकांना कुलूप घालणाऱ्या सॉफ्टवेअरने, तिचे संगणक गोठवले. तिथेही सुरुवात झाली ती एका कर्मचाऱ्याने ओळखीच्या ग्राहकाकडून आलेला मेल उघडण्यापासूनच. पण कंपनीने खंडणी दिली नाही, बॅकअपवरून यंत्रणा उभी केली, कारखाने जमेल तिथे हाताने चालवले आणि त्यासाठी जुन्या पद्धतीने काम केलेले निवृत्त कामगार मदतीला आले. मुख्य म्हणजे काय चाललंय ते पत्रकारांपुढे रोजच्या रोज सांगितलं. नुकसान झालंच, पण नाचक्की झाली नाही. आपल्याकडचा नेहमीचा युक्तिवाद असतो की उघड बोललो तर शेअर पडेल, खटले होतील, इतर चोरांना वाट दिसेल. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे, पण तो दार दुरुस्त होईपर्यंतच. ब्रिटिश लायब्ररीने 2023 च्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच, आपल्या जुनाट यंत्रणांसकट काय काय चुकलं ते सविस्तर अहवालात छापलं, आणि जगभरच्या संस्था तो वाचून शिकल्या. आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार घटना सहा तासांत कळवावी लागते. चांगलं आहे, पण ती माहिती सरकारच्या कपाटात जाते. वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण तो लोकांच्या माहितीपुरता; कारखाना पाच आठवडे बंद पडला तर त्याबद्दल तो काही बोलत नाही. विमान पडलं की अपघात तपास विभाग चौकशी करतो आणि अहवाल जाहीर होतो, म्हणून पुढचं विमान जास्त सुरक्षित असतं. मोठ्या सायबर हल्ल्यानंतर तसा अहवाल देणारं स्वतंत्र मंडळ आपल्याकडे का असू नये?

आणि दोष दाखवणाऱ्याशी आपण कसं वागतो? हिरकणीची आख्यायिका आपल्याला शाळेपासून पाठ आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर बाळाच्या ओढीने ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. अभेद्य समजल्या जाणाऱ्या गडाची फट एका गवळणीने दाखवली, तर सन्मान तिचा आणि दुरुस्ती गडाची. आज एखादा मुलगा मोठ्या कंपनीच्या वेबसाइटमधली फट शोधून प्रामाणिकपणे कळवायला गेला, तर आयटी कायद्याच्या कलम 43 आणि 66 चं सावट त्याच्या डोक्यावर असतं. सर्ट-इनकडे त्रुटी कळवण्याची सोय आहे, पण कायद्यात अशा शोधकाला स्पष्ट संरक्षण नाही. मग तो गप्प बसतो, किंवा ती माहिती विकत घेणारे दुसरे लोक त्याला भेटतात.

हा खासगी कंपन्यांचा घरगुती प्रश्न आहे, असं कुणी म्हणेल. जग्वार लँड रोव्हरच्या हल्ल्याचं नुकसान ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने 1.9 अब्ज पौंड धरलं आणि पाच हजारांहून जास्त संस्थांना झळ बसल्याचं सांगितलं. सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली, म्हणजे गरज पडली तर करदात्याचा खिसा. हेच चाकणला झालं तर? एखाद्या मोठ्या वाहन कंपनीची ऑर्डर देणारी यंत्रणा पाच आठवडे बंद राहिली, तर भोसरीत तिच्यासाठी नट-बोल्ट आणि रबरी सील बनवणाऱ्या, पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपचा मालक पहिल्याच पगाराला अडकेल. कंत्राटी कामगारांना दुसऱ्याच आठवड्यात ‘सध्या येऊ नका’ असं सांगितलं जाईल. त्यांच्यापैकी कुणीही कुठल्या लिंकवर क्लिक केलेलं नसेल.

सुरक्षेवरचा खर्च दिसत नाही आणि त्याचा नफाही दिसत नाही, ही संचालकांची अडचण मला कळते. म्हणून तो दिसायला लावला पाहिजे. प्रत्येक सूचीबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालात, ताळेबंदाशेजारी, तीन उत्तरं छापलेली असावीत: संपूर्ण बॅकअप शेवटचा कधी परत उभा करून पाहिला आणि त्याला किती तास लागले, एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड गेला तर त्यावरून कंपनीतल्या किती यंत्रांपर्यंत पोहोचता येतं, आणि खालच्या माणसांनी वर्षभरात दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती वरपर्यंत पोहोचले, त्यांचं पुढे काय झालं. तोवर ज्यांच्याकडे दहा-वीस शेअर आहेत त्यांनी हे प्रश्न वार्षिक सभेत उभं राहून विचारावेत. उत्तर अध्यक्षांनी स्वतः द्यावं, माइक आयटी प्रमुखाकडे न सरकवता.